साहेबांनी मान वर केली

लग्नमोडी ज्या लग्नाच्या कागदावर सही करते, ते लग्न वर्षभरात मोडतं, असं आमच्या आवारात सगळे सांगतात. झेरॉक्सवाला सांगतो, स्टँपवाला सांगतो, आणि चहावाला तर कप विसळता विसळता असं सांगतो, जणू प्रत्येक घटस्फोटाला तो स्वतः ट्रे घेऊन हजर होता. "तिचं स्वतःचं मोडलं ना, म्हणून." हे तो नाकातून म्हणतो आणि शेवटी भुवया अशा उडवतो की कपाळ संपतं. मला चहावाला हुबेहूब जमतो.

आता खरं काय ते. तिचं लग्न मोडलेलं नाही, कारण ते कधी झालंच नाही. तिच्या सहीची किती लग्नं मोडली, हे कोणी मोजायला बसलेलं नाही. तिनं सही करायला नकार दिला म्हणून जागच्या जागी थांबलेली लग्नं मात्र आहेत. एकोणीस वर्षांत सात. सगळी अफवा या सातांच्या जिवावर जगते.

आवार म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयाचं. तिथे माझ्या बाबांचं पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. शाळा सुटली की मी दुकानाच्या बाकावर बसून गृहपाठ करते. म्हणजे वही उघडते आणि ऐकते. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. घरच्यांना न सांगता आलेल्या जोडप्यांकडे फार तर दोन असतात, एक त्याचा मित्र आणि एक तिची मैत्रीण. तिसरी सही लग्नमोडीची. मी तिला मावशी म्हणते, कारण ती आमच्याच मजल्यावर, आमच्या भिंतीला भिंत लागून राहते.

सूचनाफलकाखालचा बाक हे तिचं ऑफिस. एक फाईल, एक थर्मास आणि स्वतःचं पेन. सरकारी पेनावर तिचा विश्वास नाही. आत साहेबांसमोर साक्षीदाराला विचारतात, "या दोघांना ओळखता का?" बाकीचे भाडोत्री साक्षीदार जोडप्याचं तोंडही न पाहता "ओळखतो" म्हणतात आणि सही ठोकून बाहेर. मावशीला खोटं बोलवत नाही. म्हणून तिनं स्वतःची एक पद्धत काढली होती. आधी मुलीला जिन्याच्या वळणावर न्यायचं, मग मुलाला. दोघांना तेच तीन प्रश्न. तुला हे लग्न हवंय का? कोणी सांगितलं म्हणून हवंय का? आणि तिसरा, जो ऐकून लोक गडबडतात: "समज तू आत्ता नाही म्हणालीस, तर आज रात्री झोपशील कुठे?"

मी एकदा विचारलं, तिसरा कशाला.

"जिला नाही म्हणायची सोय नाही," मावशी म्हणाली, "तिच्या हो ला काय चाटायचंय?"

त्या सातांत तीन मुलगे होते, हे चहावाला सांगत नाही. त्यातला एक तर जिन्यातच बसला आणि म्हणाला, "बाबांनी माझा पासपोर्ट काढून ठेवलाय हो." मावशीनं त्याला थर्मासमधला चहा दिला आणि पेनाला टोपण लावलं.

सगळ्यात सोपी नक्कल साहेबांची. साहेब मान वर करत नाहीत. टेबलावर कागद, कागदावर साहेब. समोर कोण उभं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दोघांना वेगवेगळं विचारायचं असा नियम आहे, म्हणून ते एकाच श्वासात दोनदा म्हणतात, "तुम्हीस्वखुशीनंकोणाच्याहीदबावाशिवायसमोरच्याव्यक्तीशीविवाहाससंमतीदेताकाबोला." मग "हो" आला की घड्याळ, शिक्का, "पुढचे." एकदा फोटोसाठी लाईट घेऊन बाबा आत गेले होते. साहेबांनी त्यांनाही विचारून टाकलं. बाबा म्हणाले, "साहेब, माझं झालंय." साहेब म्हणाले, "पुढचे."

हा प्रयोग मी मावशीच्या घरी कितीतरी वेळा केलाय. मी साहेब, उशी म्हणजे शिक्का. प्रेक्षक दोन, मावशी आणि भिंगमावशी.

भिंगमावशी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसायची. भिंगाची कड घासायची, चौकटीत बसवायची. बसवून झालं की चष्मा हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघायची. चौकट वाकडी दिसली की काम पुन्हा. पर्समध्ये लिपस्टिकएवढा स्क्रू-ड्रायव्हर. कोणाच्याही घरी गेली तरी पाहुणचार राहायचा बाजूला, ही आधी घरातल्या सगळ्यांचे चष्मे आवळून द्यायची. मावशीशी तिचं बोलणं असं:

"काय साक्षीदार, आज किती जणांना ओळखलंत?"

"चार. तू किती आंधळ्यांना डोळे दिलेस, भिंगे?"

"सहा. एक तर परत मागायला आला. म्हणाला, बायको आता नीट दिसायला लागली."

एकवीस वर्षं त्या एका घरात राहत होत्या. एक पलंग, एक कपाट, बिलावर दोघींची नावं. मजल्यावर सगळे त्यांना बहिणी म्हणायचे. मी आईला विचारलं होतं, सख्ख्या की मावस? आई कणीक मळत होती. "बहिणी समज." मावस का? "समज म्हटलं ना." कणकेवर असा बुक्का बसला की पुढचं मी समजले.

भिंगमावशीचे शब्द हरवायला लागले ते उन्हाळ्यात. स्क्रू-ड्रायव्हरला ती चमचा म्हणाली. गिऱ्हाइकाला म्हणाली, "तुमच्या खिडक्या परवा मिळतील." आम्ही तिघी पोट धरून हसलो. मी तर तिची नक्कलही केली, खिडक्या डोळ्यांवर चढवून दाखवल्या, आणि सगळ्यात जास्त भिंगमावशी हसली. ते आठवलं की मला माझीच जीभ चावावीशी वाटते.

डोक्यात गाठ होती. डॉक्टर चांगले होते, फोड करून सांगायचे. "हे वाढणार. काढता येण्यासारखं नाही. आधी बोलणं जाईल, मग समज. दोन महिने, कदाचित तीन. त्यानंतर काय करायचं, काय नाही करायचं, हे त्यांच्या वतीनं कोण सांगणार, ते आत्ताच ठरवून ठेवा."

भिंगमावशीनं तिथेच ठरवलं. तेव्हा तिला वाक्यं येत होती, थांबत थांबत. "नळ्या नकोत. भोकं पाडायची नाहीत. मला घरी... आमच्या घरी. ही सांगेल."

डॉक्टरांनी मान हलवली आणि खाली फॉर्मवाल्या बाईंकडे पाठवलं. मावशीनं तो प्रसंग मला इतका नीट सांगितला की त्या बाई मी न पाहताही मला येतात. घसा खाकरून, की-बोर्डवर एक बोट वर धरून:

"नातं?"

"एकत्र राहतो."

"ते पत्त्यात आलं. नातं सांगा."

"एकवीस वर्षं एकत्र राहतो."

"मॅडम, मला इथे आई, वडील, नवरा, बायको, मुलं, भाऊ, बहीण एवढंच दिसतंय. यातलं काय टाकू?"

भिंगमावशी म्हणाली, "बायको टाका." बाईंचं बोट हवेतच राहिलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "टाकलं असतं हो. पण त्याला दाखला जोडावा लागतो." आणि भाऊ आहे का, असं विचारून त्यांनी भाऊ टाकला.

भाऊ दुसऱ्या गावात होता. एकवीस वर्षांत आला होता दोनदा, दोन्ही वेळा दारात उभा राहून गेला होता. वकिलाकडून मुखत्यारपत्राचा एक कागदही करून आणला मावशीनं. फॉर्मवाल्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे बँकेला चालेल. इथे सख्खा भाऊ हयात असताना मी याला कुठे लावू?"

तर दाखला. दाखला कुठे मिळतो हे मावशीइतकं कोणाला माहीत असणार? एकोणीस वर्षं ती त्याच दारात बसली होती.

त्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही फॉर्म भरला. भिंगमावशी हळूहळू अक्षरं काढत होती. आणि मी माझी अक्कल पाजळली. "मावशी, काही होत नाही बघ. साहेब बघतातच कुठे? तुम्ही दोघी समोर उभ्या राहिलात की टेप सुरू होईल. स्वखुशीनंकोणाच्याहीदबावाशिवाय. तुम्ही हो म्हणायचं, घड्याळ, शिक्का, पुढचे. नंतर कोणी ओरडलं तर ओरडू दे, शिक्का तर बसलेला असेल."

भिंगमावशी टाळी देऊन हसली. मावशी नाही हसली.

"तो मान वर करेल."

"एकोणीस वर्षांत केली का?"

"लागली नाही करायला. आमच्या वेळी करेल."

"पैज?"

"पैज. हरलीस तर मी मागेन ते करायचं."

"आणि मी जिंकले तर?"

"तर तुझ्या डोळ्यांदेखत लग्न झालेलं असेल," मावशी म्हणाली. "अजून काय घबाड पाहिजे तुला?"

मंगळवारी साडेअकराला त्या आत गेल्या. मी लाईट धरायच्या निमित्तानं बाबांबरोबर. साक्षीदार तीन झाले: बाबा, चष्म्याच्या दुकानाचा मालक आणि, विश्वास बसणार नाही, चहावाला. त्याला मावशीनं सांगितलं नव्हतं. तोच ट्रे बाहेर ठेवून आला. "ओळखतो मी दोघींना," तो दारातच पुटपुटत होता, पाठ करत असल्यासारखा. भिंगमावशीनं निळी साडी नेसली होती. तिचा उजवा हात तोवर थोडा जड झाला होता, म्हणून मावशीनं तो धरला होता.

साहेबांसमोर फॉर्म गेला. साहेबांचं पेन पहिल्या ओळीवर आलं. "तुम्ही स्व..." एवढं मी माझ्या कानांनी ऐकलं. मग पेन खाली सरकलं, दुसऱ्या ओळीला अडकलं, आणि साहेबांनी मान वर केली.

त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. साधाच होता. दमलेला, नाकावर घसरलेला चष्मा. मला वाटलं होतं ते चिडतील. ते घाबरले होते.

"मावशी, हे काय?"

"फॉर्म आहे, साहेब."

"तुम्हाला माहीत नाही का? वर, वधू. असे दोन रकाने आहेत."

"ते दुसऱ्या ओळीत," मावशी म्हणाली. "पहिली ओळ वाचा. वय पूर्ण, शुद्ध ठिकाणावर, संमती स्वतःची. तुमच्याच कायद्यानं हे पहिलं लिहिलंय, मी नाही. वय आमचं दोघींचं मिळून एकशे सात. शुद्ध हिची आज आहे, पुढच्या महिन्यात नसेल, म्हणून आज आलो. राहिली संमती. ती विचारा."

"विचारून काय करू? नोंद होणार नाही."

"गेल्या सोमवारी एक मुलगी तुमच्यासमोर उभी होती. ओठ फुटलेला होता. मी सही दिली नाही, त्यांनी दुसरा साक्षीदार आणला. तुम्ही खाली मान घालून विचारलंत, तिनं खाली मान घालून हो म्हटलं, तुम्ही शिक्का मारलात. तिचा हो तुम्हाला चालला. आमचा निदान ऐका तरी."

मावशीचा आवाज चढला नव्हता, हे मला नंतर फार आठवलं. ती जिन्याच्या वळणावर बोलते तशीच बोलत होती.

भिंगमावशी मात्र साहेबांच्या तोंडाकडे बघत होती, नीट, धंद्याच्या नजरेनं. मग तिनं डावा हात पुढे केला. "घसरतोय. द्या."

साहेबांना कळेना. तिनं बोटानं दाखवलं. त्यांनी चष्मा काढून दिला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिनं पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला. डाव्या हाताला स्क्रू सापडेना. मावशीनं चौकट धरली. दोघींनी मिळून तो आवळला, मग भिंगमावशीनं चष्मा हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट पाहिली, आणि परत दिला.

"माझी," ती म्हणाली. शब्द शोधायला तिला वेळ लागला. "माझी संमती आहे. हिच्याशी."

कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनी चष्मा चढवला. आता तो अजिबात घसरत नव्हता, आणि त्यामुळे त्यांना मान खाली घालताना फार त्रास झाला असावा. त्यांनी फॉर्म उचलला, कडा जुळवल्या, आणि टेबलाच्या आमच्या बाजूला ठेवला.

"मला दोन वर्षांत पेन्शन आहे हो, मावशी," ते म्हणाले. आणि मग, फार हळू, "पुढचे."

चहावाला बाहेर येऊन कप विसळत बसला. धुतलेलेच परत.

पुढचं सगळं डॉक्टर म्हणाले त्याच क्रमानं झालं. सातव्या आठवड्यात बोलणं गेलं. नवव्यात एका सकाळी ती उठलीच नाही, श्वास तेवढा चालू. इस्पितळात नेल्यावर फॉर्मवाल्या बाईंनी फोन लावला तो भावाला. त्यांचा नाइलाज होता, त्यांना तेच दिसत होतं.

भाऊ वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मला त्याची नक्कल करता आली असती. तो बहिणीच्या उशाशी हुंदके देऊन रडला. मावशीनं त्याला सगळं सांगितलं, नळ्या नकोत, घरी न्या, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. तो डोळे पुसत म्हणाला, "मी तिचा सख्खा भाऊ आहे. मी तिला अशी सोडून देऊ? लोक काय म्हणतील, आणि मी स्वतःला काय सांगू?"

"तिला नको होतं."

"तुम्ही तिची फार सेवा केलीत," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "आम्ही विसरणार नाही."

सही त्यानं केली. घशाला भोक पाडलं, नळी घातली. तीन आठवड्यांनी गाडी करून तिला त्याच्या गावी नेलं. जाताना मावशीनं तिचा चष्मा पिशवीत घातला. भावजय म्हणाली, "डोळे कुठे उघडतायत आता," आणि परत काढून दिला.

भिंगमावशी तशी चार महिने जगली. मावशी एकदा गेली होती भेटायला. दहा मिनिटं, खोलीत भावजय आणि नर्स दोघी. दुसऱ्यांदा गेली तेव्हा सांगितलं, बाहेरच्यांनी आलं की इन्फेक्शन होतं. भिंगमावशी गेल्याचं कळवणारा फोन आला तेव्हा सगळं आटोपून दोन दिवस झाले होते. फोन मावशीच्या मोबाईलवर नाही, आमच्याकडे आला, "शेजारी ना तुम्ही? तेवढा निरोप द्या त्यांना." आई निरोप द्यायला गेली आणि दारातूनच परत आली, मग पुन्हा गेली.

तिसऱ्या दिवशी मावशी बाकावर होती. मी म्हटलं, अगं कशाला आलीस. ती म्हणाली, "दोन पोरं आलीयत लांबून. साक्षीदार दोनच आहेत त्यांच्याकडे." आणि मुलीला घेऊन जिन्याकडे गेली. त्या दिवशी ती आत साहेबांसमोर उभी राहिली तेव्हा साहेबांनी मान वर केली नाही. चष्मा घट्ट होता.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेले होते. टेबलापाशी दोन खुर्च्या अजून समोरासमोर आहेत, एकीच्या पाठीवर निळी साडी घडी करून टाकलेली. मावशीचा स्वतःचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तो आवळणारं कोणी नाही आता. दुकानात जा म्हटलं तर ती म्हणते, बघू.

"पैज राहिलीय तुझ्याकडे," ती म्हणाली.

मला विसरायला आवडलं असतं. "काय करू, सांग."

"साहेब कर."

"आत्ता?"

"पूर्ण. तो 'स्व' वर थांबला होता ना, तिथून पुढे. नियमाप्रमाणे, दोघींना वेगवेगळं. आणि मान खाली." मग माझ्याकडे बघून तिनं ओठ मुडपले. "पण तुला नाही जमायचं. तू मान वर करशील."

"मी? साहेब माझ्या डाव्या हातचा मळ आहे. नाही करणार."

"पैज?"

"पैज."

ती उठून उभी राहिली, रिकाम्या खुर्चीच्या शेजारी. मी उशी पुढ्यात घेतली, मान खाली घातली, घसा साफ केला. आवाज लगेच लागला, तोच बसका, तोच एका श्वासाचा. तुम्हीस्वखुशीनंकोणाच्याहीदबावाशिवायसमोरच्याव्यक्तीशीविवाहाससंमतीदेताकाबोला.

"हो," मावशी म्हणाली.

मी मान वर केली नाही. उशीच्या शिवणीकडे बघत राहिले. दुसरा श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा विचारलं, तस्सं, एकही शब्द न गाळता, बोला पर्यंत.

बाहेर कोणीतरी पायऱ्या चढून गेलं. नळ ठिबकत होता. मी शिवणीतले टाके मोजले, चौदा झाले, पंधरा झाले, मावशी काही बोलेना, आणि मी मान वर केली.

ती खुर्चीकडे बघत होती.

"हरलीस," ती म्हणाली.